साहेब, त्या दिवशी तुम्ही 'होय' म्हणालात की 'नाही'?



2025 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला कामशेतला कार्यकर्त्यांची बैठक होती. आमच्या भागातल्या चौघांना मी सोबत नेले होते. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली. तळेगाव मागे पडले आणि पावसाने गाडीच्या खिडक्या बंद करायला लावल्या. भाताची लावणी उरकली होती, खाचरे काठोकाठ भरलेली. आमच्यातला एक जण बाहेर पाहून म्हणाला, "एवढं पाणी आपल्याकडं आलं तर पऱ्हाटी उभ्या जागी सडंन." खरेच आहे. मावळचा भात ज्या पाण्यात पोसतो त्या पाण्यात आपली पऱ्हाटी पिवळी पडते आणि ज्वारीच्या कणसाला बुरशी धरते. तेव्हा या बैठकीत आपल्याला काय सापडणार, अशी शंका गाडीत बसल्या बसल्या चौघांच्याही मनात होती.

बैठकीला कापूसपट्ट्यातले एक आमदार आले होते. पुण्याला काही कामासाठी आलेले, आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचे स्नेही. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरे कोणीही असते तरी झाले असते ते हेच. उलट ते आले, खाली सतरंजीवर बसले आणि विचारलेल्याला उत्तर दिले, एवढ्यासाठी त्यांचे आभारच मानायला हवेत. बहुतेक जण येतच नाहीत.

त्यांनी अर्धा तास भाषण केले. किती किलोमीटर रस्ते, किती सभामंडप, किती रोहित्रे, किती कोटींचा निधी. भाषण वाईट नव्हते. मग आमच्यातल्या एक ताई उठल्या. दोन एकर कोरडवाहू, पऱ्हाटीत तूर. त्या म्हणाल्या, "भाऊ, रस्त्याचं समजलं. पन मागच्या महिन्यात तुमचं अधिवेशन झालं ना, त्यात तुम्ही हात कशासाठी वर केला, थे सांगा."

सभेत हशा झाला. आमदारही हसले. मग जरा थांबून म्हणाले, "ताई, खरं सांगू का? हात वर करायचं कामच पडत नाही तिथं."

एवढे प्रामाणिक वाक्य मी कुठल्याही आमदाराच्या तोंडून ऐकले नव्हते. बैठक संपल्यावरही ते डोक्यातून जाईना. हा लेख त्या वाक्यावर आहे.

विधानसभेत निर्णय कसा होतो हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला पस्तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते, आणि मी कृषी पदवीधर माणूस. विधेयक येते, चर्चा होते किंवा होत नाही, मग अध्यक्ष ते मताला टाकतात. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. सभागृहात आवाज होतो. अध्यक्ष कानाने ऐकून सांगतात, 'होय'चे बहुमत आहे, विधेयक संमत झाले. झाले! याला आवाजी मतदान म्हणतात. या पद्धतीत कोण काय म्हणाले याची नावानिशी नोंद होत नाही. 288 जणांच्या सभागृहात 29 जण हजर असले की गणपूर्ती होते. म्हणजे तुमचा आमदार 'होय' म्हणाला, 'नाही' म्हणाला, गप्प बसला, की त्या वेळी बाहेर चहा पीत होता, हे कागदावरून सांगता येत नाही. त्याला स्वतःलाही महिन्याभराने आठवत नसेल.

दुसरी पद्धत आहे. अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयाला एखाद्या सदस्याने तिथल्या तिथे हरकत घेतली, म्हणजे विधानभवनाच्या भाषेत 'पोल' मागितला, तर मते मोजायची वेळ येते. कधी सदस्य आपापल्या जागी उभे राहतात आणि एकेक डोके मोजले जाते. शिरगणती म्हणतात ती हीच. ही पद्धत सगळ्या महाराष्ट्राने दूरदर्शनवर पाहिलेली आहे. 4 जुलै 2022 रोजी एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा 164 विरुद्ध 99 असा निकाल लागला. या दोहोंची बेरीज 288 होत नाही. उरलेले कुठे होते? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गैरहजर राहिलेल्यांची नावे छापून आली आणि त्यांना 'उशीर झाला', 'गाडी अडकली' अशी कारणे सांगत बसावे लागले. त्याआधी 30 नोव्हेंबर 2019 रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या ठरावावर 169 मते पडली, विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता. चार आमदार तटस्थ राहिले. ते कोणत्या पक्षांचे, तेही सगळ्यांना कळले.

पहा, मोजायचे ठरवले की सगळे मोजता येते. माणूस उभा राहतो, नोंद होते, गावाला समजते, आणि गाव जाब विचारते. पण ही मोजणी होते कधी? खुर्चीचा प्रश्न आला की. आणि खुर्चीही कधी कधी आवाजावर निभावून नेता येते. 12 नोव्हेंबर 2014 रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या सरकारकडे स्वतःचे बहुमत नव्हते, तरी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधकांनी मतविभागणीची मागणी केली, ती मिळाली नाही. त्या दिवशी कोण कोणाच्या पाठीशी होते हे लोकांनी आपापल्या अंदाजाने ठरवले.

आता कापूस आणि ज्वारीवाल्यांच्या प्रश्नावर, भावांनो, गेल्या पंधरा-वीस वर्षांत विधानसभेत डोकी मोजल्याचे तुम्हाला आठवते का? मला आठवत नाही.

आम्ही कृषी महाविद्यालयात असताना आमचे एक सर सांगत, प्लॉटवर नोंदवही नसेल तर प्रयोग झालाच नाही असे समजा. पीक कितीही डोलत असो, पेरणीची तारीख, खताची मात्रा, उगवणीची टक्केवारी, बोंडांची संख्या लिहिलेली नसेल तर पुढच्या वर्षी काय बदलायचे ते कळणार नाही. पुढे कंपनीच्या बियाण्याचे प्लॉट दाखवत मी काही वर्षे गावोगाव हिंडलो. तिथे नोंदवही होती, पण ती शेतकऱ्याला दाखवायची नव्हती. तेव्हाच नोकरी सोडायचे मनात आले. विधानसभेचे तसेच आहे. पाच वर्षांनी आपण बियाणे बदलायला निघतो, आणि आधीच्या बियाण्याने काय दिले याची ओळसुद्धा आपल्याजवळ नसते. मग जात पाहून, जेवणावळ पाहून, शेवटच्या आठवड्यातली हवा पाहून ठरवतो.

आमदारसाहेबांनी पुढे आपली बाजू मांडली. ती ऐकण्यासारखी होती. ते म्हणाले, एक तर विधेयके शेवटच्या दोन दिवसांत ढिगाने येतात, कागद हातात पडेपर्यंत 'होय' म्हणून झालेले असते. दुसरे, पक्षादेश निघाला की आमचे तोंड शिवले जाते. विरुद्ध मत दिले तर आमदारकी जाते.

पक्षादेशाचे अर्धे खरे आहे. 1985 साली 52 वी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. पक्षाने आदेश दिला असेल आणि सदस्याने त्याविरुद्ध मत दिले किंवा मतच दिले नाही, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. पण 1992 च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, असा आदेश सरकारच्या अस्तित्वाच्या प्रश्नापुरता आणि ज्या धोरणावर पक्षाने मते मागितली त्यापुरता असावा. बियाण्याच्या कायद्यातले एखादे कलम किंवा बाजार समितीचा सेस यांवर सरकार पडत नसते. आणि पक्षादेश तोंड शिवतो तो सभागृहात. गावात येऊन 'मला असा आदेश होता, माझे मत असे होते, मी मान खाली घालून होय म्हणालो' हे सांगायला कोणते परिशिष्ट आडवे येते?

मी हे विचारल्यावर ते म्हणाले, "साहेब, असं कोणी विचारतच नाही हो. लोक येतात ते रोहित्रासाठी, बदलीसाठी, लग्नाच्या पत्रिका घेऊन."

इथे आपण सगळ्यांनी मान खाली घातली. खोटे काय आहे त्यात? 2022 पासून आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी झाला. त्या पाच कोटींतले आपल्या गावाला किती, हे गल्लीतले पोर सांगते. आणि 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, त्यात कोरडवाहू शेतीला काय आले हे किती जणांनी विचारले? पाच कोटींच्या मालकाकडे आपण रोज जातो. 57,509 कोटींवर 'होय' म्हणणाराही तोच, याची आपल्याला आठवण नसते. आमदाराला आपणच पंचायत समितीचा सदस्य करून टाकले आहे.

त्याच अधिवेशनातली दुसरी गोष्ट घ्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. सरकारचे म्हणणे, ते नक्षलवादी संघटनांसाठी आहे. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या, त्यानंतर काही शब्द बदलले. पण कायद्याची अंमलबजावणी अडवणे, प्रस्थापित कायदा मोडायला लोकांना सांगणे, अशी बेकायदेशीर कृत्यांची जी व्याख्या त्यात होती ती वाचून आमच्यासारख्यांच्या अंगावर काटा आला. कापूस घेऊन रस्त्यावर बसणे, वसुलीला आलेली जीप परत पाठवणे, याला उद्याचा एखादा अधिकारी काय नाव देईल? माझे मत या विधेयकाच्या विरोधात आहे. तुमचे वेगळे असू शकते. पण त्या दिवशी विधानसभेत उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी. बाकीचे विरोधी बाकांवरचे आमदार काय म्हणाले? दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. मग बाहेर ओरड झाली तेव्हा जो तो सांगू लागला, आमचा विरोध होताच. असेलही. पोल मागितला असता तर आज ते सांगायची गरज पडली नसती.

कम्युनिस्टांशी आपले कापसाच्या बाजारावरून जन्माचे भांडण आहे. तरी त्या एका आमदाराबद्दल मला आज ठामपणे एक वाक्य लिहिता येते, आणि माझ्या स्वतःच्या आमदाराबद्दल लिहिता येत नाही, हे मला लागले.

आवाजी मतदानाची किंमत आपण दिल्लीतही मोजली आहे. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत शेतीविषयक विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधी सदस्य मतविभागणी मागत होते, गोंधळ माजला, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. ते कायदे चांगले की वाईट यावर आपल्या चळवळीतच दोन तट होते आणि आजही आहेत. बाजार खुला व्हावा असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण जे कायदे मते मोजून संमत झाले असते तर त्यांच्या पाठीशी काही बळ राहिले असते, ते आवाजात आले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी आवाजातच गेले. रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एका दिवसात, चर्चेविना संमत केले. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसून होता. येताना कोणी होय म्हटले आणि जाताना कोणी, याचा नावनिशीवार हिशेब कुठे आहे?

मुंबईत तर त्याहून सोपी युक्ती झाली. जुलै 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारने केंद्राच्या कायद्यांना उत्तर म्हणून शेतीची तीन विधेयके विधानसभेत मांडली. ठरल्या वेळेत पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला तीन वर्षे कैद आणि 5 लाखांचा दंड असे कलम त्यात होते. लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने ठेवली आणि डिसेंबरात मागे घेतली. मतदान झालेच नाही. 2023 च्या पावसाळी अधिवेशनात बोगस बियाणे, खते आणि औषधांविरुद्ध पाच विधेयके मांडली, ती संयुक्त समितीकडे गेली. नोव्हेंबरात कृषी सेवा केंद्रवाल्यांनी तीन दिवस दुकाने बंद ठेवली. 2024 मध्ये त्या विधानसभेची मुदतच संपली. तीही मताला आली नाहीत. बाजार समिती कायद्यातली दुरुस्ती 2018 च्या नोव्हेंबरात आली होती, माथाडी आणि व्यापारी संपावर जाताच विधान परिषदेत मागे घेतली. या प्रत्येक विधेयकात काही बरे होते, काही वाईट. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याच्या खिशाला झळ लागणार तो विक्रेता, तो व्यापारी दोन दिवसांत सरकारला थांबवू शकतो, कारण कोण कुठे उभा आहे हे त्याला माहीत असते. आपल्याला ते विधेयक आले होते हेही कळत नाही.

बोंडअळीचे आठवते ना? 2017 ला गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात घोषणा झाली, कोरडवाहू कापसाला हेक्टरी 30,800 रुपये. त्यात सरकारी आपत्ती निधीचे 6,800, विम्याचे 8,000 आणि बियाणे कंपन्यांकडून 16,000 असा हिशेब होता. टाळ्या वाजल्या. सोळा हजारांचा आकडा ज्याच्या खात्यावर जमा झाला असा एकही शेतकरी आमच्या गावात मला भेटलेला नाही. ती घोषणा होती, तिच्यावर मत पडलेले नव्हते, तिच्यासाठी सभागृहातला एकही सदस्य बांधलेला नव्हता. घोषणा ही पावसाळ्यातल्या ढगासारखी, कोणत्या गावावर पडायचे ते तीच ठरवते.

आणि ज्या निर्णयाने कापसाचे भाव खऱ्या अर्थाने हलतात त्यावर तर कुठल्याच सभागृहात मत पडत नाही. आमची कामशेतची बैठक होऊन दोन-तीन आठवडे झाले नाहीत तोच 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला सीतादहीचा कापूस बाजारात येतो नेमका तो काळ. लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये कागदावर जाहीर, आणि दार परदेशी गाठींना उघडे. हे एका अधिसूचनेने झाले. तेव्हा 'तुम्ही कशाच्या बाजूने मत दिले' या प्रश्नाला जोडून 'कशावर तुमचे मत कोणी मागितलेच नाही आणि तुम्ही त्यावर काय केले' हाही प्रश्न विचारावा लागेल.

मावळातल्या मंडळींना हे आपल्याआधी कळले आहे. कामशेतपासून बऊर जवळच आहे. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले, त्याविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी इथले शेतकरी द्रुतगती मार्गावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघे गेले, त्यांत एक बाई. मग योजनेला स्थगिती मिळाली, 2023 मध्ये ती उठली. बैठकीला पवन मावळातले एक आजोबा होते. ते म्हणाले, "योजना करताना आम्हाला विचारलं नाही, थांबवताना विचारलं नाही, परत सुरू करतानाही नाही. आमदार तीन बदलले. कुणी कुठं मत दिलं म्हणाल तर दिलंच नाही, द्यायची वेळच आली नाही." गाडीतली आमची शंका तिथे फिटली. त्यांच्याकडे पाणी भरपूर, आपल्याकडे ठणठणाट, आणि दोघांचेही निर्णय अशा जागी होतात जिथे नाव लिहिले जात नाही.

याच्या उलटे उदाहरण द्यायचे तर ते 9 मार्च 2010 चे. राज्यसभेत महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक होते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, त्यामुळे मते मोजावीच लागतात. 186 बाजूने, 1 विरुद्ध. तो एक म्हणजे शरद जोशी. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनात लाखो बायका ज्यांच्या हाकेला आल्या, बायकांच्या नावे जमीन करा म्हणून ज्यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यांनी हे मत दिले. त्यांचे म्हणणे होते, आरक्षणाला विरोध नाही, मतदारसंघ दर निवडणुकीला फिरवण्याच्या पद्धतीला आहे. टीका खूप झाली. आमच्या घरात यावर बायकोचे आणि माझे आजही जमत नाही. तिचे म्हणणे ते चुकले, आणि मलाही अलीकडे तसेच वाटू लागले आहे. पण चुकले असे म्हणायला तरी आम्हाला जागा आहे, कारण त्यांनी काय केले ते कागदावर आहे आणि का केले ते त्यांनी सांगितले आहे.

इंग्लंडातल्या एडमंड बर्क यांची गोष्ट आमदारसाहेबांना मी त्या संध्याकाळी सांगितली. 1774 साली ब्रिस्टल या बंदराच्या गावातून ते निवडून आले, आणि आल्या दिवशीच मतदारांना म्हणाले, मी तुमचा निरोप्या नाही, मी माझ्या बुद्धीने मत देईन. दिलेही. आयर्लंडच्या व्यापारावरचे जाच कमी करायला मत दिले, तर ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचे पोट दुखले. कर्जापायी तुरुंगात खितपत पडणाऱ्यांना दिलासा देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला, तर सावकारी करणारे चिडले. 1780 ला निवडणूक आली तेव्हा ते गावात आले, भर सभेत उभे राहिले आणि एकेका मताचा हिशेब दिला. तुम्ही गावात फार येत नाही, या तक्रारीलाही उत्तर दिले. मग वारे पाहून उमेदवारी मागे घेतली.

"म्हणजे हिशेब देऊन पडलेच ना?" आमदार म्हणाले.

"पडले," मी म्हणालो. खोटे कशाला बोलायचे?

आपल्या मुलखातही हे नवे नाही. 1901 साली मुंबई कायदे कौन्सिलात जमीन महसूल कायद्याची दुरुस्ती आली. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेली जमीन परत देताना विकण्याचा-गहाण टाकण्याचा हक्क काढून द्यायचा, असा तो मामला होता. सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले, म्हणजे हार ठरलेली. तरी फिरोजशहा मेहता उठले, गोपाळ कृष्ण गोखले उठले, आणखी काही जण उठले आणि सभागृहाबाहेर गेले. सव्वाशे वर्षे झाली, ते कोणत्या बाजूला होते हे आज मी तुम्हाला सांगू शकतो. मागच्या जुलैतले सांगू शकत नाही!

बैठकीत पुढे काय करायचे यावर बराच वाद झाला. काही तरुणांचे म्हणणे होते, आमदारांना घेराव घाला. मला ते पटले नाही. घेरावात माणूस आश्वासन देतो, माहिती देत नाही. शेवटी ठरले ते साधेच आहे. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत तालुक्याच्या बाजाराच्या गावी सभा ठेवायची, आमदाराला रीतसर पत्र देऊन बोलवायचे आणि लेखी हिशेब मागायचा. शेतीशी संबंध असलेली कोणती विधेयके आली, तुम्ही हजर होता का, होय म्हणालात की नाही, पक्षादेश होता का, कोणती कपात सूचना दिली, कोणत्या विषयावर पोल मागितला. ते आले नाहीत तर खुर्ची रिकामी ठेवून सभा करायची, पण त्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या नाहीत. विधानमंडळाची कार्यवाही संकेतस्थळावर येते, ती पाहण्याचे काम प्रत्येक तालुक्यातल्या एका शिकलेल्या पोराने किंवा पोरीने अंगावर घ्यायचे. आणि आमदार ज्याही पक्षाचा असो, त्याच्याकडून एकच वचन घ्यायचे, की कापूस, ज्वारी, बियाणे, बाजार समिती आणि पीक विमा यांवर काही मताला आले तर तो उठून पोल मागेल. हरला तरी चालेल. मतविरोध असला तरी चालेल. आपल्या मताविरुद्ध मत देऊन जो आमदार त्याचे कारण सांगायला येईल, त्याला आपण चहा पाजावा, असे मी बैठकीत म्हणालो तेव्हा काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या अजून आहेत.

एक अडचण मात्र मला दिसते. एकाने पोल मागितला आणि अध्यक्षांनी नुसते उभे करून मोजले, तर किती कुठे ते कळेल, कोण कुठे ते कळेलच असे नाही. म्हणून पोल मागणाऱ्याने नावेही नोंदवून मागितली पाहिजेत. यावर वकील मंडळींनी नियम पाहून पुढच्या बैठकीत टिपण द्यावे.

आता त्या आमदारांचे राहिले. डिसेंबर 2025 चे नागपूर अधिवेशन एकाच आठवड्यात, 8 ते 14 तारखेत आटोपले. दहा दिवसांनी आमच्या ताईंनी त्यांना फोन लावला. माझ्यासमोरच बोलणे झाले.

"भाऊ, या खेपेला कशाला होय म्हटलं?"

"ताई, पुरवणी मागण्या होत्या. 75,286 कोटींच्या. होय म्हटलं."

"अन् कापसाचं? थे विदेशी कापूस आणायचं?"

"ते मतालाच आलं नाही, ताई."

"मंग तेवढं लेहून द्या ना."

तिकडे जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, पाठवतो. चौथ्या दिवशी पत्र आले. त्यांच्या सहीचे, सात ओळींचे. आमच्या गावच्या बाजारात, जिनिंगच्या फाटकापाशी, ताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवले. गाडीवानांनी आणि हमालांनीही ऐकले. पत्राची छापील प्रत ज्या तालुक्यांना हवी असेल त्यांनी मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी जिल्हा कार्यालयाकडे मागणी नोंदवावी. आमदारांचे नाव झाकून देऊ, तशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही मान्य केली आहे.